खाणीतलं तळं आणि सोडलेला मासा



आज आपल्याला अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मिनेसोटा राज्यात जायचं आहे. मिसिसिपी नदी तिथे अजून लहान आहे. त्या भागात क्रॉस्बी आणि आयर्नटन ही शेजारशेजारची दोन गावं आहेत. त्यांच्या आसपासच्या लोहखनिजाच्या पट्ट्याला कायुना रेंज म्हणतात. कायलर ॲडम्स नावाच्या माणसाला जमीन मोजताना होकायंत्राची सुई भलतीकडे वळलेली दिसली आणि त्यावरून खाली लोखंड असल्याचा तर्क त्याने बांधला. त्याच्या कुत्रीचं नाव ऊना. कायलरचा ‘काय’ आणि कुत्रीची ‘ऊना’ मिळून ‘कायुना’ झालं. पृथ्वीच्या पाठीवर खनिजपट्ट्याच्या नावात मान मिळालेली कुत्री दुसरी कुठली असेल असं वाटत नाही.

तिथून पहिलं खनिज १९११ साली बाहेर पडलं. त्यात मँगनीजचं प्रमाण चांगलं होतं आणि पोलादाला मँगनीज लागतंच. त्यामुळे पहिल्या महायुद्धात या पट्ट्याचा भाव वधारला. सुरुवातीपासून अडचण एकच होती, पाण्याची. हा सगळा मुलूख तळ्यांचा आहे. चार हात खणलं की पाणी लागतं. म्हणून खाण चालू ठेवायची म्हणजे रात्रंदिवस पंप चालू ठेवायचे. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी मिलफर्ड खाणीत शेजारच्या तळ्याचं पाणी आणि चिखल एकदम आत घुसला आणि ४१ खाणकामगार बुडून मेले. मिनेसोटाच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी खाण दुर्घटना. त्या खाणकामगारांच्या लेखी पाणी म्हणजे वैरी होता, एवढं लक्षात ठेवा. आज त्याच पाण्यात माणसं हौसेने गळ टाकून बसतात.

खनिज परवडेनासं झालं, खाणी एकामागून एक बंद पडल्या आणि पंप थांबले. भूजल आपल्या मूळ पातळीकडे परत निघालं, वरून पाऊस आणि वितळलेला बर्फ आला, आणि काही वर्षांत खड्ड्यांची तळी झाली. १९९३ साली राज्याने हा परिसर राखीव मनोरंजनक्षेत्र म्हणून जाहीर केला. माती-दगडाच्या ढिगाऱ्यांवर बर्च आणि ॲस्पेन उगवले. परक्या माणसाला हे निसर्गनिर्मित सरोवर आहे असं सांगितलं तर तो डोळे झाकून विश्वास ठेवेल.

मासा मात्र फसत नाही, आणि का फसत नाही हेच आज सांगायचं आहे.

नैसर्गिक तळं ताटासारखं पसरट असतं आणि खाणीतलं तळं पेल्यासारखं उभं. हे मापात धरायची पद्धत आहे. तळ्याची कमाल खोली त्याच्या सरासरी व्यासाच्या किती टक्के, ते बघायचं. बहुतेक नैसर्गिक सरोवरांत हा आकडा २ टक्क्यांच्या आत राहतो, खाणीतल्या तळ्यांत तो १० ते ४० टक्क्यांपर्यंत जातो. कायुना पट्ट्यातलं पोर्ट्समथ खाणीचं तळं ४०० फुटांहून जास्त खोल आहे. सुपीरियर हे महासरोवर सोडलं, तर मिनेसोटातलं सर्वांत खोल नैसर्गिक तळं म्हणजे कॅनडाच्या सीमेवरचं सॅगनागा, आणि तेही सुमारे २८० फुटांवर थांबतं. म्हणजे दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणून मिरवणाऱ्या मुलखात हिमनद्यांनी जे खोदलं, त्याहून खोल माणसाने काही दशकांत खोदून ठेवलं.

पण माशाला खोली खायला घालत नाही, उथळ काठ खायला घालतो. जिथे सूर्यप्रकाश तळाला टेकतो तिथे पाणवनस्पती रुजतात, त्यांच्या आधाराने किडे, गोगलगायी आणि अळ्या वाढतात, आणि अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू तिथेच लपतं. नॉर्दर्न पाइक हा तिकडचा लांबट, दातेरी शिकारी मासा. तो बर्फ वितळल्यावर बुडालेल्या गवतात अंडी घालतो. बास मासा उथळ पाण्यातल्या वाळू-खड्यांत शेपटीने खळगा करून घरटं बनवतो. खाणीच्या तळ्याला असा काठ जवळजवळ नसतोच. दोन पावलं टाकली की कडा आणि खाली अंधार. अधूनमधून एखादा जुना गाड्यांचा उतार किंवा कोसळलेल्या दरडीचा पट्टा पाण्याखाली असतो. सगळी वस्ती तिथे दाटीवाटीने राहते. अनुभवी गळवाले अशाच जागा हेरतात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या नितळपणाची. या तळ्यांत पाणबुडे उन्हाळाभर येतात, कारण पाण्याखाली बुडालेली झाडं आणि खाणीचे अवशेष लांबवर स्वच्छ दिसतात. पाहुणे म्हणतात, काय निर्मळ पाणी! निर्मळ आहे खरं, पण उपाशीही आहे. सभोवती शेती नाही, पालापाचोळा वाहून आणणारे ओढे फारसे नाहीत. फॉस्फरस कमी, म्हणून शेवाळ कमी, शेवाळ खाणारे डॅफ्नियासारखे सूक्ष्मजीव कमी, आणि त्यांच्यावर जगणारा मासाही कमी. पाणी जितकं काचेसारखं, तितकी त्यात माशांची पैदास मर्यादित, हा हिशेब सर्रास लागू पडतो.

मग अशा जागी ट्राउट हा मासा का सोडतात? कारण ट्राउटला हवं ते नेमकं या उपाशी पाण्यात सापडतं. त्याला थंडावा लागतो. पाणी २१ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो बेजार होतो. शिवाय भरपूर प्राणवायू लागतो. उन्हाळ्यात तळ्याचे थर पडतात. वर कोमट पाणी तरंगतं आणि खाली थंड, जड पाणी बसतं. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, हे तुम्ही शाळेत शिकलात ते इथे कामाला येतं. साध्या सुपीक तळ्यात खालच्या थंड थरात मेलेलं शेवाळ कुजतं आणि तिथला प्राणवायू संपतो. ट्राउट कात्रीत सापडतो, वर उष्मा आणि खाली गुदमर. खाणीतल्या तळ्यात कुजायलाच फारसं काही नसल्याने खालीही प्राणवायू टिकतो. ज्या दारिद्र्यामुळे इतर मासे फळत नाहीत, त्याच दारिद्र्यावर ट्राउट तगतो.

तगतो म्हटलं, वंश वाढवतो म्हटलं नाही. तिथे प्रामुख्याने सोडतात तो रेनबो ट्राउट, मूळचा पॅसिफिक किनाऱ्याच्या नद्यांमधला. मादी वाहत्या पाण्यातल्या खडीत खळगा करून अंडी घालते. खडीतून सतत पाणी खेळतं राहिलं तरच अंडी जगतात. खाणीच्या तळ्याला ना ओढा, ना खडीचा प्रवाह. त्यामुळे तिथे रेनबोची दुसरी पिढी जन्मतच नाही. ब्रूक ट्राउट थोडा निराळा. तळातून झऱ्याचं पाणी वर येत असेल तिथे तो तळ्यातही अंडी घालू शकतो, पण अशी जागा मिळणं नशिबाची गोष्ट. म्हणून राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग उबवणी केंद्रात मासे वाढवतो आणि टाकीच्या ट्रकमधून आणून सोडतो. १० अंशांच्या पाण्यात रेनबोची अंडी साधारण महिनाभरात फुटतात. पुढे पिल्लांना किती मोठं करून सोडायचं, हा पैशाचा प्रश्न असतो. बोटभर पिल्लू स्वस्त, पण बहुतेक कोणाच्या तरी पोटात जातं. वर्षभर पोसलेला मासा महाग, पण बराच हाती लागतो. ट्राउट धरायचा तर नेहमीच्या परवान्यावर वेगळा ट्राउटचा शिक्का विकत घ्यावा लागतो. हिवाळ्यात, बर्फाला भोक पाडून गळ टाकणाऱ्यांचाही हंगाम असतो.

या तळ्यात मासे किती, हे कसं कळतं? १८९६ साली पीटरसन या डॅनिश शास्त्रज्ञाने माशांवर खुणा करून ते पुन्हा सोडायची रीत वापरली. तिच्यावर आधारलेला हिशेब साधा आहे. समजा, ५०० माशांचा एक छोटा पर खुडून त्यांना सोडलं. पुढे जाळ्यात १०० मासे आले आणि त्यांत २० परखुडके निघाले. म्हणजे पाचातला एक खुणेचा, तेव्हा एकूण अंदाजे २,५००. कागदावर सोपं आहे. पण सर्वेक्षणाची नेहमीची जाळी हळूहळू खोल जाणाऱ्या तळासाठी बेतलेली असतात. इथे एक टोक दहा फुटांवर आणि दुसरं शंभरावर. ट्राउट पाण्याच्या मधल्या थरात फिरतो, तळालगतच्या जाळ्याला शिवतही नाही. म्हणून खाणीच्या तळ्यातल्या माशांचे आकडे ऐकताना ते कोणत्या जाळ्याने, किती खोलीवर मोजले, हे आधी विचारावं.

आता खरं भांडण. ट्राउट सोडलेल्या तळ्यात हौशी मंडळी आपल्या आवडीचा मासा गुपचूप आणून टाकतात. कुणी बादलीतून पाइक आणतो, कुणी बास, कुणी आमिषाला आणलेले जिवंत मासे घरी जाताना पाण्यात ओततो. अशा तळ्यांत जिवंत मासे आमिष म्हणून वापरायला बंदी आहे ती याचसाठी. पाइकला उबवणी केंद्रातला ट्राउट म्हणजे घरपोच जेवण. सिमेंटच्या हौदात वाढलेल्या त्या माशाने शत्रू पाहिलेलाच नसतो. पिवळा पर्च घुसला तर निराळं संकट. तो थोड्याशा काठावर बेसुमार वाढतो, ट्राउटच्या तोंडचे सूक्ष्मजीव फस्त करतो, आणि स्वतः मात्र खुरटाच राहतो. लहान तळ्यांत रोटेनोन घालून सगळे मासे मारतात आणि नव्याने ट्राउट सोडतात. चारशे फूट खोल तळ्यात हा उपाय करायला निघालेल्याला मी आधी खर्चाचा कागद मागेन.

याहून मोठा धडा शेजारच्या मेसाबी पट्ट्यातला. चिशम गावाजवळच्या पाण्याने भरलेल्या खाणींत १९८०च्या दशकाच्या अखेरीस एका खासगी कंपनीने पिंजरे टाकून सॅमन आणि ट्राउट वाढवायला सुरुवात केली. पाणी थंड, स्वच्छ आणि जवळजवळ फुकट. पण पिंजऱ्यातल्या माशांना खाद्य लागतं, त्यांची विष्ठा पडते, उरलेलं खाद्य तळाशी जातं. त्या उपाशी पाण्यात फॉस्फरस वाढला आणि खोलवरचा प्राणवायू घटू लागला. म्हणजे ट्राउटला जे भांडवल हवं होतं तेच ट्राउटची शेती खर्चून बसली. गावकरी चिडले, वाद झाला, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो उद्योग गुंडाळला गेला. पिंजरे निघाल्यावर तळी काही वर्षांत बरीचशी सावरली, हे नशीब.

सगळ्या खाणी अशा सोशिक नसतात. मोंटाना राज्यात ब्यूट इथल्या बर्कली या तांब्याच्या खाणीचे पंप १९८२ साली बंद झाले. तिथल्या खडकात गंधकयुक्त खनिजं होती. पाणी आणि हवा लागून त्यांचं आम्ल झालं, त्यात धातू विरघळले. नोव्हेंबर १९९५ मध्ये त्या पाण्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मरून पडले. कायुनाचं पाणी सौम्य निघालं ते खडकाच्या जातीमुळे. तिथे कुणाची पुण्याई नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला का सांगता? आपल्याकडे गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागात लोहखनिजाचे खड्डे आहेत. २०१२ साली खाणकाम थांबलं, मग सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केल्यावर पुन्हा थांबलं. कोकणपट्टीच्या पावसात असे खड्डे भरायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. विदर्भातल्या कोळशाच्या उघड्या खाणींचंही पुढेमागे तेच होणार. अशा पाण्यात मासे सोडा, गावाला रोजगार मिळेल, ही सूचना दर काही वर्षांनी कुणीतरी करतोच.

ट्राउट आपल्याकडे या उष्म्यात जगणार नाही, तो विषय सोडा. आपण रोहू, कटला, मृगल सोडू. पण गंमत बघा, या तिघांचंही दुखणं रेनबोसारखंच आहे. तेही साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना पावसाळी नदीचा पूर लागतो. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाची सुई देऊन कार्प माशांची वीण घडवली, म्हणून आज मत्स्यबीज आणि बोटुकली विकत मिळते. म्हणजे खड्ड्यात रोहू सोडायचा तर दरवर्षी बोटुकली आणावी लागेल, आणि दरवर्षी कुणालातरी पैसे भरावे लागतील. कटला वरच्या थरात सूक्ष्मजीव खातो, मृगल तळ खरवडतो. उपाशी पाण्यात कटल्याला काय मिळणार, आणि दीडशे फुटांवरच्या अंधाऱ्या तळाशी मृगल काय खाणार? आपोआप वाढेल तो तिलापिया. तो वाढला की पर्चचीच गोष्ट आपल्या भाषेत सुरू होईल.

माझं मत विचाराल, तर मासा सोडायचा निर्णय सर्वांत शेवटचा आणि सर्वांत किरकोळ आहे. मोठा निर्णय खड्डा कोरडा असताना होतो. पंप चालू आहेत, यंत्रं खाली उतरू शकतात, तेव्हाच भविष्यातल्या पाण्याच्या पातळीपाशी कडे कापून रुंद, उथळ पायऱ्या करता येतात, त्यांवर माती पसरता येते, ओढ्याचं तोंड वळवता येतं. एकदा पाणी चढलं की बुलडोझर आत जात नाही आणि तळ्याला काठ लावायची दुसरी संधी मिळत नाही. आपल्याकडे खाण बंद करण्याचा आराखडा देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात झाडं किती लावणार, कुंपण कुठे घालणार, हे असतं. तुमच्या तालुक्यातल्या खाणीची जनसुनावणी होईल तेव्हा एवढंच विचारा, की पाणी भरल्यावर दोन मीटरपेक्षा उथळ काठ किती लांबीचा राहील आणि तो नकाशावर कुठे दाखवलाय. उत्तर आलं नाही, तर मत्स्यबीजाचं पान उघडायची गरज नाही.

आता प्रश्न घेऊ.