इंटरनेट अडलंय कुठे?

मुलीच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख, आणि नेमकं त्याच दिवशी कॉम्प्युटरवरचं इंटरनेट बंद! अशा वेळी घाईने दहा बटणं दाबू नका. आधी ते अडलंय कुठे, हे शोधू या.

मोबाइलचा डेटा बंद करून तो घरच्या वायफायला जोडा. त्यावर इंटरनेट चाललं, तर बाहेरची लाइन ठीक आहे, दोष कॉम्प्युटरकडे. त्याचं वायफाय बंद झालंय का, विमानाचं चिन्ह असलेला फ्लाइट मोड लागलाय का, ते बघा. केबलने जोडला असेल, तर केबलची दोन्ही टोकं ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

मोबाइलवरही नाही चाललं, तर राउटर बघा. फायबरमधून इंटरनेट प्रकाशाच्या रूपात येतं. ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, म्हणजे तो प्रकाश पोचत नाही. तक्रार नोंदवा आणि तोवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अर्ज भरून घ्या. लाल दिवा नसेल, तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. दोन-तीन मिनिटं थांबा. बारीक भोकातलं रीसेटचं बटण मात्र टोचू नका. सगळी सेटिंग्ज पुसली जातील.

आणि तक्रारीचा नंबर बिलावरूनच घ्या. फोनवर कुणी ओटीपी मागितला किंवा एखादं ॲप घ्यायला लावलं, तर सरळ फोन ठेवा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर कळवा.