हुकूम कोणी दिला?

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



वेचणी अर्धी टाकून तुम्ही आलात, म्हणून लांबण लावत नाही. आज कापसाच्या भावाबद्दल बोलणार नाही. पोलीस ठाण्याबद्दल बोलायचे आहे.

मध्यंतरी एका गावात बसलो होतो. तिथल्या एका भावाची बैलजोडी रातोरात गोठ्यातून गेली. मी विचारले, ठाण्यात रपट दिली का? तो म्हणाला, "भाऊ, बैल तर गेलेच. आता मीही जाऊ काय?" पारावरची माणसे हसली, मीही हसलो. मग कळले की दोन वर्षांपूर्वी त्या गावच्या रास्ता रोकोवर लाठीमार झाला होता. तेवढ्यावर भागले नाही. रात्री घरात शिरून, ज्याने रस्ता पाहिलाही नव्हता अशा म्हाताऱ्याला ओढून नेले. तेव्हापासून त्या गावचा माणूस ठाण्याची पायरी चढत नाही. हे चोरांना पक्के ठाऊक आहे. त्या तालुक्यात सध्या चोरांइतके सुखी कोणी नसेल.

आपण म्हणतो, लाठी काय, दोन फटके बसतात, वळ आठ दिवसांत जातो. लाठी किती स्वस्त असते ते नागपूरने पाहिले आहे. पोरांसाठी पुन्हा सांगतो. २३ नोव्हेंबर १९९४. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. गोवारी समाज अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला आला होता. गोवारी म्हणजे परका कोणी नाही, आपल्या गावची गुरे चारणारा गायकी. बायका लेकरांना काखेत घेऊन आल्या होत्या. संध्याकाळी पोलिसांनी लाठ्या चालवल्या. गर्दीला मागे सरायला वाट नव्हती. चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली, त्यात बायका आणि लेकरेच जास्त. एकही गोळी न सुटता ११४. आदिवासी विकास मंत्र्यांनी राजीनामा दिला, न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग बसला. पुढे उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव मिळाले. पण तो हुकूम देणारा चुकला, असे म्हणून कोणाला शिक्षा झाली नाही.

आता मंदसौरचे बघा. २०१७ च्या १ जूनला आपल्याकडे पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याच दिवसांत मध्य प्रदेशातही शेतकरी रस्त्यावर आला. ६ जूनला मंदसौर जिल्ह्यात पिपलियामंडीजवळ गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. तिथे दगडफेक, जाळपोळ झाली नव्हती असे मी म्हणणार नाही. झाली होती. पण त्या दिवशी त्या राज्याचे गृहमंत्री म्हणाले, पोलिसांनी गोळी चालवलीच नाही. दोन दिवसांनी म्हणाले, चालवली. आणि भरपाई? आधी पाच लाख, मग दहा लाख, मग एक कोटी, सगळे एका दिवसात. शेतकऱ्याच्या मालाचा भाव असा कधी चढलेला मी पाहिला नाही, मढ्याचा मात्र चढला. पुढे आयोग बसला. गोळीबार गरजेचा आणि कायदेशीर होता असा त्याचा निष्कर्ष २०१८ साली वर्तमानपत्रांत आला.

आपल्या कापसाच्या आंदोलनात १० डिसेंबर १९८६ ला सुरेगावला तीन शेतकरी गोळीबारात गेले. इथे बसलेल्या काही पिकल्या केसांना ते आठवत असेल. मी त्यावर जास्त बोलत नाही, बोलवत नाही.

कायदा काय सांगतो? १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. नाव बदलले, ही कलमे बहुतेक तीच राहिली. कलम १४८ म्हणते, आधी जमावाला पांगायचा हुकूम द्या. तो मानला नाही, किंवा जमाव हलणारच नाही असे त्याच्या वागण्यावरून दिसले, तरच बळ वापरा. हुकूम कोणी द्यायचा तेही लिहिले आहे: कार्यकारी दंडाधिकारी, नाहीतर ठाण्याचा प्रमुख, तो नसेल तर किमान फौजदार. म्हणजे प्रत्येक लाठीमागे एक हुकूम असतो आणि हुकमाला नाव असते. आपण मात्र ज्याच्या हातात काठी होती त्यालाच शिव्या देऊन घरी येतो.

हे नाव बाहेर का येत नाही? तिथेच पुढे कलम १५१ आहे. जमाव पांगवताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला चालत नाही. ज्याच्यावर फिर्याद, त्याच्याच धन्याची परवानगी आणायची! आयोगाचीही तीच गत. १९५२ चा चौकशी आयोग कायदा सांगतो की अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांत, काय कारवाई केली त्यासकट, सभागृहापुढे ठेवा. आपल्या आमदारांना विचारून पाहा, त्यांतले कितीजण त्यासाठी उभे राहतात.

आणि तो काठीवाला शिपाई कोण आहे? कोरडवाहू दहा एकरांत दोघा भावांचे भागत नाही म्हणून भरतीला धावलेला आपलाच पोरगा. तो तुम्हाला मारून संध्याकाळी घरी फोन करतो आणि विचारतो, पराटीवर बोंडअळी आली का? त्याच्याशी आपले वैर नाही. म्हणून दगड उचलायचा नाही. एक दगड उठला की हुकूम देणाऱ्याला कागदावर कारण मिळते, आणि मग मंदसौरसारखे सगळेच गरजेचे ठरते.

पुढच्या मोर्चाला दर गावाने दोन माणसे नुसती वही आणि घड्याळ घेऊन ठेवायची. घोषणा त्यांनी द्यायच्या नाहीत. पांगायचा पुकारा झाला का, किती वाजता, कोणी केला, छातीवरच्या पट्टीवर नाव काय, एवढेच लिहायचे. मार लागला तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन कागद घ्यायचा. हळद लावून घरी बसलात तर मार लागलाच नाही. कोणाला अटक झाली तर सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू खटल्यातला १९९६ चा निकाल आहे: अटकेचे टिपण हवे, त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकाला कळवायला हवे. २०२० सालच्या आदेशाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण किमान वर्षभर जपायला हवे. ते लगेच लेखी मागायचे. साहेब म्हणतील कॅमेरा बंद होता. तेही लेखी मागायचे.

तो बैलजोडीवाला भाऊ आज इथे आला आहे, मागच्या रांगेत बसला आहे. बैलजोडीची चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. ठाण्याला नोंद करावीच लागते, आणि फिर्यादीला प्रत फुकट द्यावी लागते. सोमवारी आम्ही त्याच्याबरोबर ठाण्यात जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी दहा वाजता एसटी स्टँडवर यावे. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत. बैलाच्या खरेदीची पावती तेवढी त्याने आठवणीने आणावी.