उंदीर धरणाऱ्याचा भाव कोणीं ठरवावा?

(उंदीर-घुशी धरणाऱ्या बांधवांच्या सभेंत केलेलें भाषण)



गोदामांत घुशी माजल्या कीं शेटजी तुमच्या झोपडीपर्यंत चालत येतात. पिंजरे भरून निघाले कीं म्हणतात, "चहा घ्या, हे पन्नास रुपये." भीति गेली कीं किंमतहि गेली! म्हणून आमचें पहिलें सांगणें : बोली आधीं, पिंजरा मागून.

आतां बोली कशावर करावी? नगावर करूं नये. 1902 सालीं हनोई शहरांत फ्रेंच सरकारनें उंदराच्या शेपटीमागें पैसा लावला. लोकांनीं शेपट्या तोडून उंदीर सोडून दिले, पैदास व्हावी म्हणून! अशी लबाडी तुम्ही करणार नाहीं. पण मग नुकसान तुमचेंच. ज्यानें बिळें नीट बुजविलीं, त्यास पुढच्या महिन्यांत उंदीरच सांपडत नाहींत. म्हणजे काम जितकें चोख तितकी मजुरी कमी. भाव कामाचा घ्या : बिळें पाहण्याची फेरी, पिंजऱ्यांची झीज, रोजची खेप, मेलेलें पुरणें, भोंकें बुजविणें.

धान्यावर काम करणाऱ्यांनीं इकडे लक्ष द्यावें. तमिळनाडूंत इरुळ बांधव भातशेतांतील उंदीर धरतात. मडक्यांत गवत पेटवून तोंडानें धूर बिळांत फुंकायचा. ओंठ भाजतात, डोळे चुरचुरतात. बिळांत सांठविलेलें भात त्यांचें, अशी जुनी रीत. मालक म्हणतो, "मी कुठें दिलें? उंदराचें घेतलें." अहो, तें उंदरानें पेरलें होतें काय? आणि जें पीक वांचलें त्याचा हिशेब कोठें गेला? आमच्याकडील बलुत्याचीहि हीच तऱ्हा : राबणें वर्षभर, माप धन्याच्या हातीं. धान्य घेणें वाईट नाहीं, महागाईंत तें पैशाहून बरें. पण पायल्या आधीं ठरवा. बीळ रितें निघालें तरी मजुरी बुडतां कामा नये.

हें काम हलकें, असें कोणी म्हणेल. 1896 सालीं मुंबईंत प्लेग आला. गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे 1897 सालीं त्याच रोगानें गेले; त्याच वर्षीं पुण्यास सावित्रीबाई गेल्या. उंदरावरील पिसू तो रोग पसरविते, हें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनें 1898 सालीं दाखविलें. तेव्हां उंदीर धरणारा काय राखतो, तें समजून घ्या.

एकट्यानें मात्र भाव टिकत नाहीं. शेजारचा दहा रुपये कमी सांगतो आणि शेटजी हंसतात. सापांच्या कातड्यांचा धंदा बंद झाल्यावर इरुळांनीं 1978 सालीं सहकारी संस्था काढली. साप धरून, विष काढून, पुन्हां रानांत सोडतात. विषाचा व्यवहार संस्था करते. औषधवाल्यास झोंपडी-झोंपडीशीं घासाघीस करतां येत नाहीं. त्यांच्यांतील वडिवेल गोपाल व मासी सडैयन यांस 2023 सालीं पद्मश्री मिळाली.

तर मंडळी, येथून उठण्यापूर्वीं फेरीचा दर ठरवूं. बायांनीं आधीं बोलावें. बिळें बुजविण्याचें काम बहुतेक त्यांच्याच हातचें असतें आणि त्याचा पैसा आजवर कोणींच धरला नाहीं. बोला, किती धरायचा?