मीटर कुणाच्या हातात?

आमच्या केंद्रातल्या मुलींनी रंगीत दिव्यांचे टेबल केले, त्याबद्दल बोलते. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, पण तिशी उलटेपर्यंत फ्यूजलाही हात लावला नव्हता. 'करंट लागेल, लांब हो', एवढेच घरी शिकलेले.

लाकडी चौकटीत दहा ओळी, ओळीत दहा एलईडी, वर दुधी अ‍ॅक्रिलिक. प्रत्येक दिव्यात चिप असते. आपल्या रंगाचा संदेश ठेवून घेऊन उरलेला ती पुढच्या दिव्याला देते. म्हणून संदेशाची तार नागमोडी नेली.

सगळे दिवे पांढरे लावले, तर शेवटच्या ओळी तांबूस! मदतीला आलेला गृहस्थ लगेच म्हणाला, "पोरींनी डाग नीट दिले नाहीत."

एका मुलीने मीटर लावला. पहिल्या ओळीत 5 व्होल्ट, शेवटच्या ओळीत साडेतीन. मग हिशेब मांडला. पूर्ण पांढऱ्या उजेडाला एक दिवा साधारण 60 मिलिअँपिअर घेतो, शंभर दिवे 6 अँपिअर. एवढा भार एकाच बारीक पट्टीतून गेला, वाटेत व्होल्टेज घटले. निळ्या-हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून ते आधी मंदावले. मुलींनी प्रत्येक ओळीला सप्लायपासून वेगळी जाड प्लस-मायनस तार दिली. शेवटची ओळ पांढरी झाली.

डाग पक्केच होते. मीटर हाती नसता, तर दोष मात्र मुलींच्याच माथी राहिला असता.

शिलाई मशीन आपल्या केंद्रांत असतेच. शेजारी एक मीटरही ठेवूया.