डिकीभर संसार

कवीला गाडी परवडते का, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. नवी परवडत नाही आणि जुनी झेपत नाही, हे त्याचं खरं उत्तर. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा मी शाळेत होतो. २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं आणि त्यानंतर तिसऱ्या मालकाच्या हातून ती आमच्या दारात आली.

त्याआधी स्कूटर होती. स्कूटरच्या हुकाला दोन पिशव्या लागायच्या. सोलापूरच्या मंगळवार पेठेत तिसऱ्या पिशवीची वेळ आली, की आमच्या बेगम म्हणायच्या, "राहू द्या, पुढच्या खेपेला नेऊ." म्हणजे आमच्या गरजा हुकाएवढ्या होत्या.

मारुतीची डिकी ती केवढी! पण हुकापेक्षा मोठी. ती रिकामी परत नेणं बेगमना अपशकुनासारखं वाटू लागलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे आम्ही पाव किलो डाळ घ्यायचो, ती आता मोठ्या दुकानातून पाच किलो येऊ लागली. वर एक किलो मोफत. त्या मोफत किलोला कीड लागली, की ती निवडण्यात आमचा रविवार जायचा. सगळी गल्लीच गाड्या काढून तिकडे जाऊ लागली. पुढे किराणावाल्यानं दुकान बंद केलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मोबाइलला कव्हर आहे, पण अडीनडीला काडेपेटी नाही.

आणखी एक गोष्ट हळूच बंद झाली, ती आमच्या लक्षातही आली नाही. पूर्वी घरातलं काहीतरी सतत संपायचं. मग वाटी निघायची. "काकू, वाटीभर साखर आहे का?" ती वाटी परत जाताना कधी रिकामी जात नसे. आता कुणाच्याच घरात काही संपत नाही, त्यामुळे कुणी कुणाचं दार वाजवत नाही. समोरच्या घरात नवं कुटुंब येऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या गाडीचा नंबर मला पाठ होता. त्यांचं आडनाव माहीत नव्हतं.

२०२५ साली ३० मार्चला गुढीपाडवा होता. त्याच संध्याकाळी चंद्र दिसला आणि दुसऱ्या दिवशी रमजान ईद ठरली. शीरखुर्म्यासाठी आणलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवायला बेगम गेल्या, तर आत जागाच नव्हती. एकावर एक मोफत मिळालेले डबे तिथे मुक्कामाला होते. पातेलं ओट्यावर राहिलं. सोलापूरचा उन्हाळा! पहाटे तापवायला घेतलं, तर दूध नासलेलं.

"अहो, गाडी काढा."

गाडी काढायला गेलो. आठवडाभर उभी असलेली गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. बॅटरी उतरली होती. घरात साखर पाच किलो, शेवया तीन किलो, खजूर, चारोळी, बदाम सगळं होतं. दूध तेवढं नव्हतं. समोर दिवा दिसला. मी पातेलं घेऊन निघालो. वाटेत पाय अडखळत होते. दोन वर्षांत नमस्कारही न केलेल्या माणसाकडे पहाटे साडेपाचला दूध मागायचं कोणत्या तोंडानं?

दार समोरच्या सूनबाईंनी उघडलं. मी काय बोललो ते मला आठवत नाही. त्यांनी पातेलं हातातून घेतलं आणि घरातलं होतं नव्हतं तेवढं दूध त्यात ओतलं. "काका, एवढं पुरेल ना?" मी विचारलं, "आणि तुमचा चहा?" त्या म्हणाल्या, "दूधवाला येईलच की साताला. ईद काय रोज येते?"

नमाजाहून आल्यावर पातेलं शीरखुर्मा भरून समोर गेलं. दुपारी ते परत आलं, तेव्हा त्यात पाडव्याचं श्रीखंड होतं. रिकामं भांडं परत करू नये, हे त्यांच्याही घरात कुणीतरी शिकवलं होतं.

बॅटरी मी दुसऱ्या दिवशी बदलली. गाडी आता चालते. खरेदीही चालते. सवय अशी सुटत नाही. पण परवा बेगमनी मला सांगितलं, "समोरून वाटीभर बेसन आणा."

मी म्हटलं, "अहो, डब्यात दोन किलो आहे."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "वाटी घेऊन जा."