मानेतला पहारेकरी



आपल्या पाबळात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने करावे आणि शिकावे, ही तिथली रीत. आज आपणही तसेच करू. पाटी नको, खडू नको. आपला हात पुरे.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटे ठेवा. टकटक लागली? ती नाडी. मिनिटभर मोजा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० पडते. आता उभे राहा आणि लगेच पुन्हा मोजा. बहुतेकांची थोडी वाढली असेल. तिला वाढायला कोणी सांगितलं? तुम्ही तर नाही!

त्याचं असं आहे. हृदय म्हणजे छातीतला पंप. तो रक्त नळ्यांतून अंगभर ढकलतो. नळ्यांच्या भिंतींवर रक्ताचा जो रेटा बसतो, त्याला रक्तदाब म्हणतात. त्याचे दोन आकडे असतात. हृदय आवळते तेव्हाचा वरचा, सैल पडते तेव्हाचा खालचा. १२० आणि ८० च्या आसपास असले म्हणजे ठीक.

आपण उठून उभे राहिलो, की बरेचसे रक्त पायांकडे उतरते. डोक्याकडे कमी चढते. मग भोवळ येऊन पडायला हवे. पण आपण पडत नाही. का? मानेतल्या मोठ्या नळ्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीत पहारेकरी बसले आहेत. दाब उतरला, की ते मेंदूला वर्दी देतात. मेंदू हृदयाला सांगतो, 'जलद चाल.' बारीक नळ्यांना सांगतो, 'आवळा.' काही क्षणांत काम होते. दाब चढला, तर उलटा हुकूम सुटतो. रानात दारे धरणारा गडी एक दार फोडतो, दुसरे बांधतो, तसेच हे.

दुसरा कारभारी मूत्रपिंड. तो सावकाश काम करतो. अंगात मीठ-पाणी जादा झाले, की लघवीवाटे बाहेर टाकतो. आपण फार मीठ खाल्ले, तर मीठ पाणी धरून ठेवते आणि दाब वाढतो.

तुम्ही म्हणाल, 'एवढा बंदोबस्त आहे, तर गोळी कशाला?' ऐका. पहारेकऱ्यात एक खोट आहे. दाब बरेच दिवस चढाच राहिला, की त्याला तोच बरोबर वाटू लागतो. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणीचा आवाज जाणवत नाही, तसं. मग तो वर्दी देत नाही. मालकाला काही कळत नाही. आतून मात्र हृदय थकते, मूत्रपिंड झिजते. मेंदूतली नळी तुंबली किंवा फुटली, तर लकवा होतो.

आमचीच गोष्ट सांगतो. आम्हाला गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी बरे वाटले, म्हणून आम्ही आपल्या मनाने बंद केली. वर्षभर डोके दुखले नाही, चक्कर आली नाही. घरच्यांनी हट्ट धरला, म्हणून दाब मोजला. वरचा आकडा १८० निघाला! जन्मभर मुलांना शहाणपण शिकवले, आणि आम्हीच नापास. नशीब, वेळेवर कळले.

म्हणून मंडळी, बरे वाटते यावर जाऊ नका. तिशी उलटली, की दाब मोजून घ्या. पुन्हा पुन्हा १४० किंवा ९० च्या वर भरला, तर डॉक्टरांकडे जा. दिवसाला सगळे मिळून मीठ एका लहान चमच्याच्या आत ठेवा. लोणचे-पापडातलेही त्यातच धरा. गोळी आपल्या मनाने सोडू नका. गोळीने उठताना चक्कर येत असेल, तर आधी खाटेवर क्षणभर बसा, मग उठा, आणि डॉक्टरांना सांगा.

पहारेकरी इमानी आहे. पण कधी त्यालाही झापड येते. तेव्हा मालकानेच जागे राहावे.