उभी गाडी आजारी पडते

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते : वडोदऱ्यात गॅरेज चालवणारे मंडळाचे सभासद, दोघे बंधू.)



या व्यासपीठावर आम्ही दोघे भाऊ लहानपणी वेशभूषा स्पर्धेत उभे राहिलो होतो, त्यानंतर आजच. काल इथं सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय चळवळीवर सुंदर व्याख्यान झालं. त्यानंतर आमच्यासारख्या काळ्या हाताच्या माणसांनी काय बोलावं? पण कार्यवाह म्हणाले, "त्या रात्रीची गोष्ट सांगा, लोकांच्या उपयोगाची आहे." ज्यांची गोष्ट आहे ते काका समोर पहिल्याच रांगेत बसले आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे.

काका-काकू दांडिया बाजारात राहतात, मुलगा पुण्याला. दिवाळीला दोघं त्याच्याकडे गेले आणि चार महिने राहिले. निघताना काकांनी आम्हाला विचारलं होतं, "गाडीचं सर्व्हिसिंग करून ठेवू का?" आम्ही म्हणालो, "काका, गाडी चालणारच नाही, तर सर्व्हिसिंग कशाला? आल्यावर बघू."

हे वाक्य आमचं होतं आणि ते चुकीचं होतं.

परत आल्यावर गाडी फक्त भाजीबाजार आणि देऊळ एवढीच फिरायची. सिग्नलला थरथरायची. काका म्हणायचे, "वय झालं तिचं, माझ्यासारखंच." मग एका रात्री अडीच वाजता काकांच्या छातीत दुखू लागलं. काकूंनी गाडी काढली. दुसऱ्याच चौकात ती बंद पडली. सेल मारून मारून बॅटरीही उतरली. देवाच्या कृपेनं एक रिक्षावाला थांबला आणि काका वेळेत पोचले. इथंच एक सांगून टाकतो : छातीत दुखलं तर गाडी काढायच्या भानगडीत पडू नका, आधी १०८ ला फोन करा.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली आणि इंजेक्टर काढले. चार सिलिंडरचे चार. आमच्याकडे तपासणीचं यंत्र आहे. त्यात चारही इंजेक्टर काचेच्या चार नळ्यांवर लावून एकाच वेळी चालवता येतात. दोघांतून छान धुकं पडत होतं. तिसऱ्यातून नुसती धार. चौथ्याची नळी इतरांच्या निम्मीही भरली नाही.

इस्त्री करताना कपड्यावर पाणी मारायची बाटली आठवा. तोंड स्वच्छ असलं की बारीक तुषार उडतात, क्षार बसले की वेडीवाकडी धार येते. इंजेक्टरचं तसंच. पूर्वी हे काम कार्बोरेटर करायचा. २००० सालच्या सुमारास आपल्याकडच्या गाड्यांतून तो गेला आणि इंजेक्टर आला. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक इंजेक्टर त्या मिनिटात ४०० वेळा उघडतो आणि मिटतो. छिद्रं मिलिमीटरपेक्षाही कितीतरी बारीक. तिथं थोडी राळ बसली तरी तुषारांचा आकार बिघडतो, पेट्रोल नीट जळत नाही, गाडी थरथरते, ॲव्हरेज पडतं.

ही राळ येते कुठून? इंजिन बंद केलं की तोंडाशी पेट्रोलचा थेंब राहतो. इंजिनाच्या उष्णतेनं तो तिथंच आटतो आणि चिकट थर सोडतो. लांब फेरी झाली तर पेट्रोलमधली डिटर्जंट द्रव्यं हा थर धुऊन काढतात. पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्यांत थर चढतो जास्त, धुतला जातो कमी. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीतलं पेट्रोलही शिळं होतं, त्यात डिंकासारखा पदार्थ तयार होतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. म्हणून उभी गाडी सुरक्षित, हा समज काढून टाका. उभी गाडी आजारी पडते.

मग करायचं काय? पहिला उपाय फुकटचा. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास हालोल रस्त्याला नेऊन आणा. अंगणात नुसतं इंजिन चालू ठेवून भागत नाही, ते पुरेसं तापत नाही. टाकी सतत रिझर्व्हवर ठेवू नका, कारण टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. बदलता येणारा फ्युएल फिल्टर असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराला बदला.

दुसरं, टाकीत ओतायच्या बाटलीबद्दल सगळे विचारतात. हलक्या मळावर तिचा उपयोग होतो. पण पुरता तुंबलेला इंजेक्टर बाटलीनं सुटेलच असं नाही, तो काढून अल्ट्रासोनिक टाकीत धुवावा लागतो. परत बसवताना रबराच्या रिंगा नव्या घाला, नाहीतर पेट्रोल गळून आगीची भीती. टाचणीनं छिद्र कोरणं, टाकीत रॉकेल ओतणं, हे कुणीही करू नका. डिझेलवाल्यांनी तर घरी हात लावूच नये, कारण तिथं हजार ते दोन हजार बारचा दाब असतो. फिल्टरमधलं पाणी मात्र वेळच्या वेळी काढून घ्या.

तिसरं सांगताना आमच्याच धंद्याविरुद्ध बोलतो. गाडी थरथरली म्हणजे इंजेक्टरच, असं नाही. प्लग, कॉइल, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी, कुठंही दोष असू शकतो. एका ताईंच्या गाडीचे इंजेक्टर आम्ही घाईनं धुतले, पैसे घेतले आणि आठवड्यानं कळलं की कॉइल गेली होती. पैसे परत केले, पण लाज वाटायची ती वाटलीच. म्हणून आधी तपासणी, मग सफाई. आणि "धुण्याआधी आणि धुतल्यानंतर नळ्या दाखवा" असं आम्हालासुद्धा ठणकावून सांगा.

काकांच्या गाडीचे दोन इंजेक्टर धुऊन चालले, दोन बदलावे लागले. त्या कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत. ते दान नव्हतं, आमच्या त्या वाक्याची भरपाई होती.

आपल्यातल्या किती घरांत मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशात आहेत आणि पोर्चमध्ये कव्हर घातलेली गाडी उभी आहे! म्हणून एक वही मंडळाच्या कचेरीत ठेवतो आहोत. ज्यांना गाडी फिरवणं जमत नाही त्यांनी त्यात नाव लिहावं. लायसन्स असलेल्या पोरांनी समोर आपलं नाव लिहावं आणि आपला एक रविवार द्यावा. मालकानं शेजारी बसायचं. गाडीही फिरेल, माणसांचंही फिरणं होईल, येताना चहाही होईल. त्या वहीत पहिलं नाव काकूंनी लिहिलं आहे. त्यांच्या नावासमोर आम्ही आमचं लिहिलं आहे.

गणपती बाप्पा मोरया!